थांबलेलं घड्याळ: सुटकेनंतरची देखरेख आणि कच्ची कैद

'शिक्षा संपली' हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत १९८४च्या कायद्याने संघराज्यीय पॅरोल मोडीत काढायचं ठरवलं आणि त्याच्या जागी देखरेखीखालची सुटका आणली. पॅरोलवर माणूस उरलेली शिक्षाच बाहेर राहून काढतो. ही देखरेख मात्र तुरुंगवास पुरा झाल्यावर सुरू होते.

त्या मुदतीत माणूस पुन्हा आत गेला तर? गुन्ह्यात दोषी ठरण्याच्या संदर्भात कैद असेल तर मुदत थांबते; सलग ३० दिवसांहून कमी असेल तर थांबत नाही. हे समजण्यासारखं आहे. बाहेरच्या जगात रुळण्यासाठी ही देखरेख. भिंतीआड प्रोबेशन अधिकारी कसली देखरेख करणार?

खरी गाठ आहे ती कच्च्या कैदेची. मॉन्ट खटला बघा. पाच वर्षांची मुदत ६ मार्च २०१७ला संपायची होती. जून २०१६मध्ये राज्याच्या गुन्ह्यांत अटक झाली. शिक्षा झाली ती २१ मार्च २०१७ला, म्हणजे मुदतीची तारीख उलटल्यावर. आणि कच्च्या कैदेतले सुमारे दहा महिने त्या शिक्षेत वजा धरले गेले. (आपल्याकडे १९७३च्या संहितेतलं कलम ४२८ हेच करायचं.) संघराज्यीय न्यायालय म्हणालं, ते महिने शिक्षेतच मोजले ना, मग घड्याळ तेव्हापासूनच थांबलेलं होतं! वर ४२ महिने वेगळे. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरलं. निकाल थॉमस यांचा, सोबत गिन्सबर्ग. विरोधी मत सोटोमायोर यांचं, सोबत गोर्सच. नेहमीचे तट इथे चालले नाहीत.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे ॲरिस्टॉटलची उद्याची सागरी लढाई आठवते. उद्याबद्दलचं विधान आज खरं असतं का? कोठडीतल्या माणसाने विचारलं, 'आज माझं घड्याळ चालू आहे का?', तर उत्तर उद्याच्या निकालात आहे. सुटला तर चालू होतं, दोषी ठरला तर बंद होतं. विरोधी मताचा जोर कायद्यातल्या वर्तमानकाळी क्रियापदावर होता, आणि आम्हाला ते पटतं. खटला चालू असताना माणूस निर्दोष मानायचा असेल, तर त्या दिवसांची कैद दोषसिद्धीची कशी?

शिवाय जामिनाचं बघा. त्याच आरोपाखाली एकजण पैसे भरून घरी जातो, त्याची मुदत रोज एका दिवसाने सरते. दुसऱ्याकडे पैसे नाहीत. तो आत बसतो, आणि दोषी ठरला तर त्याचे तेवढे दिवस मुदतीतून गळतात.