कंबर दुखते, पण झोप किती होते?

आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बायका. मागे एका बैठकीत आम्ही विचारलं, "कंबर कुणाकुणाची दुखते?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. मग विचारलं, "रात्री झोप किती होते?" तशा सगळ्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमी झोपलो तं म्हावरा कोन इकल गं?"

हसण्यावारी गेलेला हा प्रश्न जुना आहे. आमच्या आज्या होडी किनाऱ्याला लागली की उठायच्या. भरती-ओहोटीला दिवस काय, रात्र काय! पुढे डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा. आता टेम्पो आले, बर्फ आला. पण ससून डॉक नि भाऊच्या धक्क्यावरचा लिलाव पहाटेचाच. परतल्यावर म्हावरं विकायचं, सोडे सोलायचे, बोंबील वाळत घालायचे, घरचं करायचं. अंग टेकायला अकरा वाजतात.

विश्रांतीसाठी याच मुंबईत मोठा लढा झाला. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या वर्षीच्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. 1948 च्या कारखाने कायद्याने बायकांच्या रात्रपाळीवर बंधन आणलं. पण हे सारं गिरणी-कारखान्यांपुरतं. पाटीवालीची रात्र कुठल्याच कायद्यात आली नाही.

दुखण्याचं म्हणाल, तर ओझं उचललं, वय झालं, एवढंच आम्ही ऐकत आलो. 1975 साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये हार्वे मोल्डोफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी तरुणांची गाढ झोप त्यांनी आवाज करून काही रात्री मोडली. ओझं नाही, मार नाही, तरी त्यांचं अंग दुखू लागलं, दाबलं की कळ येऊ लागली. पुन्हा नीट झोपू दिल्यावर ते ओसरलं. पुढच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं: दुखण्याने झोप मोडते हे खरं, पण मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं दुखणं जास्त वाढतं. चक्रच ते!

हे समजल्यावर आम्हाला आमचीच चूक दिसली. गटाची बैठक आम्हीच रात्री साडेनऊला ठेवत होतो. पहाटे उठणाऱ्या बायकांची झोप आम्हीच खात होतो! आता बैठक दुपारी चारला होते. लिलावाला पाळीपाळीने जायचं ठरलंय. ज्या दोघी जातील त्या बाकीच्यांचाही माल आणतील. उरलेल्यांना तेवढी पहाट झोपायला मिळेल.

तुम्हीही एवढं करा. दवाखान्यात दुखणं सांगाल, तेव्हा किती तास झोपता, रात्री किती वेळा उठता, तेही सांगा. रोज दुकानातून गोळी आणून गिळू नका. आणि घरात कुणी बाई दुपारी घटकाभर आडवी झाली, तर तिला आळशी म्हणू नका. आमच्या आज्यांना ती घटका कुणी दिली नाही. आपण एकमेकींना देऊ या.