ब्रिजिट आणि बृहती

आमच्या लेकींची नावे परकी, असे आम्हांला वारंवार ऐकावे लागते. गोव्याला जाताना पोलादपूर मागे टाकून जुना कशेडी घाट चढू लागलो, की आम्हांला ‘ब्रिजिट’ हे नाव आठवते. या आयरिश नावाचा अर्थ ‘उन्नत’, ‘उंचावरची’. त्याचे आणि संस्कृत ‘बृहती’चे मूळ एकच, असे भाषाशास्त्र सांगते. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये हे एका देवतेचे नाव होते. पुढे किल्डेअरला मठ स्थापणाऱ्या संत ब्रिजिटमुळे ते पावन झाले. त्यांचा सण १ फेब्रुवारीला येतो. २०२३ पासून त्यानिमित्त तेथे सार्वजनिक सुट्टीही असते. मग आम्ही संकोचावे कशासाठी? ब्रिजिट ही बृहतीचीच दूरदेशी नांदणारी बहीण आहे.