बाप्तिस्मा आणि तारण

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती धर्मातील प्रवेशाचा संस्कार होय. पाण्यात बुडवून किंवा मस्तकावर पाणी ओतून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो दिला जातो. मराठी भाषक कॅथलिकांत त्यास ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात. हा संस्कार न घेता मनुष्याचे तारण, म्हणजे पापापासून मुक्तता व ईश्वराशी चिरंतन ऐक्य, होऊ शकते काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारात प्रारंभापासून चर्चिला गेला आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात त्यास विशेष धार आली. कारण येथे ज्या क्षणी मस्तकावर पाणी पडे, त्या क्षणी जात, घर व आप्त यांच्याशी असलेले नाते बहुधा तुटत असे.

शास्त्राधार : नव्या करारात दोन्ही बाजूंना आधार सापडतात. पाणी व आत्मा यांपासून जन्म घेतल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे योहानकृत शुभवर्तमान सांगते (३·५). मार्ककृत शुभवर्तमानाच्या अखेरीस विश्वास व बाप्तिस्मा यांची सांगड घातली आहे. तथापि तेथे दंडाचे कारण म्हणून केवळ अविश्वासाचा उल्लेख आहे (१६·१६). येशूबरोबर क्रुसावर चढविलेल्या एका अपराध्यास बाप्तिस्म्यावाचून सुखलोकाचे आश्वासन मिळते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात कर्नेल्य व त्याचे आप्तेष्ट यांवर पवित्र आत्मा प्रथम उतरतो आणि बाप्तिस्मा नंतर होतो (अध्याय १०).

मतभेदांचा विकास : सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) पेलेजियसच्या अनुयायांशी वाद करताना आदिपापाच्या सिद्धांतावर भर दिला व बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेली अर्भकेही तारणाला मुकतात, असे मत मांडले. हा कठोर निष्कर्ष सौम्य करण्यासाठी मध्ययुगीन पंडितांनी अशा अर्भकांना दुःख नाही, पण ईश्वरदर्शनही नाही, अशी ‘लिंबो’ची कल्पना पुढे आणली. प्रौढांच्या बाबतीत मात्र चर्चने आरंभापासून अपवाद मानले होते. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याचा ‘रक्ताचा बाप्तिस्मा’ व तो घेण्याची मनापासून इच्छा असताना मरण पावलेल्याचा ‘इच्छेचा बाप्तिस्मा’, हे ते दोन अपवाद होत. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असल्याचे घोषित केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे मान्य केले की, ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सदसद्विवेकानुसार ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण लाभू शकते. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकांविषयी आशा बाळगण्यास आधार आहे, असे आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये नमूद केले.

प्रॉटेस्टंट पंथांत एकमत नाही. ल्यूथरपंथीय बाप्तिस्म्यास कृपेचे साधन मानतात. कॅल्व्हिनच्या मते ते कृपेचे चिन्ह व मुद्रा होय; तारण त्यावर अडून राहत नाही. १५२५ मध्ये झुरिक येथे उदयास आलेल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी, तसेच पुढे बॅप्टिस्टांनी, केवळ स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यासच बाप्तिस्मा द्यावा, असा आग्रह धरला. १८८२ मध्ये मुंबईत कार्यास आरंभ करणारी मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर हा संस्कार देतच नाही.

महाराष्ट्रातील अनुभव : १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास न्यायालयाच्या आदेशाने पित्याकडे सोपविण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता; तरी मिशनऱ्यांकडे राहून त्याने तेथील अन्न सेवन केल्यामुळे त्याची शुद्धी होऊ शकते की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये, अशी तरतूद १८५० च्या एकविसाव्या कायद्याने झाली. परंतु पंक्तीतील स्थान कायद्याने परत मिळणारे नव्हते. परिणामी ख्रिस्तावर श्रद्धा असूनही बाप्तिस्मा न घेणाऱ्या व्यक्तींचा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहिला नाही.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे कन्या मनोरमा हिच्यासह अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्याचा सिद्धांत व धर्माधिकाऱ्यांचा अधिकार यांविषयी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. ख्रिस्ताच्या मंडळीत प्रवेश करणे म्हणजे धर्मोपदेशकांचा प्रत्येक शब्द स्वीकारणे नव्हे, ही त्यांची भूमिका होती. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी म्हटले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणास उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे. संस्कार झाला, पण तारणाचा अनुभव उरला, असा हा अनुभव आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांचा काही वर्षे वियोग झाला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या, तेव्हाही प्रारंभी त्या सोवळेओवळे पाळीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. हा काळ त्यांनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात वर्णिला आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ, असे त्याचे स्वरूप होते. बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नव्हता. त्यासाठी त्यांनी स्वतः भारी किंमत मोजली होती. परंतु ख्रिस्ताचे शिष्यत्व व चर्चचे सभासदत्व या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्यांनी मानले नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

मूल्यमापन : दरबाराच्या कल्पनेवर दोन आक्षेप संभवतात. ख्रिस्ती दृष्टीने बाप्तिस्मा केवळ व्यक्तिगत निष्ठा नसून मंडळीशी जोडणारा संस्कार होय. तो टाळल्यास शिष्यत्व एकाकी राहते. शिवाय जातीचा रोष पत्करणारा व तो टाळणारा यांना एका पंक्तीस बसविल्यास पहिल्याच्या त्यागाचे मोल कमी होते. यावर टिळकांच्या भूमिकेतून उत्तर असे देता येईल, की जातिबहिष्कार हा बाप्तिस्म्याचा अंगभूत अर्थ नसून समाजाने त्यावर लादलेला अर्थ आहे. या संस्काराविषयीची दुविधा बव्हंशी या दोन अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण झाली. त्या वेगळ्या करून पाहण्याचा प्रयत्न मराठी ख्रिस्ती विचारात रमाबाई व टिळक यांनी केला, हे त्यांचे महत्त्व होय.