जुन्या फ्रिजमध्ये कोणता वायू भरावा?

जुने फ्रिज दुरुस्त करून वापरणारे हौशी लोक अमेरिकेत बरेच आहेत. त्यांच्यात ‘मॉनिटर टॉप’ या फ्रिजला विशेष मान आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तो १९२७ साली बाजारात आणला. त्याचे यंत्र पेटीच्या डोक्यावर गोल डब्यासारखे बसवलेले असे. अमेरिकन यादवी युद्धातील ‘मॉनिटर’ या युद्धनौकेच्या बुरुजासारखे ते दिसे, म्हणून हे नाव पडले.

त्याआधीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये मोटर बाहेर असे आणि ती पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवी. फिरत्या दांड्याजवळून वायू गळत असे. ख्रिश्चन स्टीनस्ट्रप या अभियंत्याने मोटर व कॉम्प्रेसर एकाच पोलादी कवचात सीलबंद केले. त्यामुळेच यांतले काही फ्रिज नव्वद वर्षांनंतरही चालू राहिले.

असा फ्रिज नवा करताना रंग देणे, दाराचे रबर बदलणे, झिजलेल्या वायरी काढून अर्थिंग जोडणे ही कामे सोपी. अवघड प्रश्न आतल्या वायूचा.

मूळ वायू सल्फर डायऑक्साइड. तो विषारी, पण वास इतका उग्र की गळती लगेच कळते. त्या काळी वापरात असलेल्या मेथिल क्लोराइडचा वास मात्र सौम्य असल्याने लोक झोपेतच दगावत. म्हणून थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन शोधला. १९३० मध्ये मिजलीने तो छातीत भरून घेतला व फुंकून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि जळतही नाही, हे सर्वांनी पाहिले. स्वयंपाकघर सुरक्षित झाले. पण या वर्गातील वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतो, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार होत गेले.

मग गळती झालेल्या मॉनिटर टॉपमध्ये भरायचे काय? आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण तापमानवाढीत त्याचा वाटा कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक. शिवाय ४० अंश सेल्सिअसला सल्फर डायऑक्साइडचा दाब सुमारे ६ वातावरण, तर याचा १०. जुन्या यंत्रावर हा ताण मोठा. जुने खनिज तेलही त्यात मिसळत नाही. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १२ अंशांच्या जवळ, सल्फर डायऑक्साइडचा उणे १०. दाबाचे गणित जुळते, तापमानवाढही नगण्य. पण तो ज्वलनशील, आणि जुन्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडते. तो भरायचा तर ठिणगीचे भाग आधी बदलावे लागतात, आणि हे काम प्रशिक्षित माणसाचेच.

म्हणून फ्रिज अजून थंड करत असेल, तर त्याचे सील मुळीच न फोडणे उत्तम.

विद्यार्थ्यांना घरच्या फ्रिजच्या मागील पट्टीवर वायूचे नाव पाहायला सांगावे. मग विषारीपणा, ज्वलनशीलता, ओझोन आणि तापमानवाढ असे चार रकाने करून वरील सर्व वायू त्यांत मांडावेत. चारही रकान्यांत निर्दोष असा एकही वायू सापडणार नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकल्यावर ‘कोणासाठी?’ असे विचारायची सवय या तक्त्यातून लागेल.