जलतरण प्रशिक्षणातील क्रीडाविज्ञान

शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि अचूक मोजमाप यांच्या आधारे स्पर्धात्मक पोहण्याचा सराव आखण्याची पद्धत. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा अवरोध जवळपास चौपट होतो. म्हणूनच इथे ताकद वाढवण्याइतकेच महत्त्व अवरोध कमी करण्याला आहे.

पोहणाऱ्याचा हात पाण्याखाली नेमका कसा फिरतो, हे काठावरून नीट दिसत नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स ‘डॉक’ काउन्सिलमन यांनी पाण्याखाली कॅमेरा नेला. तेव्हा दिसले, की अव्वल जलतरणपटूंचा हात सरळ मागे न जाता वळणे घेत जातो. १९६८ साली त्यांचे ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांचा शिष्य मार्क स्पिट्झ याने सात सुवर्णपदके जिंकली. या वळणांचा संबंध काउन्सिलमन यांनी विमानाच्या पंखाला मिळणाऱ्या उचलबळाशी जोडला होता. पुढच्या संशोधकांनी हे स्पष्टीकरण बरेचसे मोडीत काढले आणि पाणी मागे रेटण्याला अधिक महत्त्व दिले. पाण्याखाली डोकावून पाहण्याची शिस्त मात्र टिकली. काउन्सिलमन यांचे खरे देणे तेच.

१९७६ साली जर्मनीत संशोधक आलोइस माडर आणि सहकाऱ्यांनी रक्तातील लॅक्टेटची (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणाऱ्या द्रव्याची) लिटरला ४ मिलीमोल ही पातळी दमश्वासाची सीमारेषा म्हणून मांडली. तेव्हापासून तलावाच्या काठावर रक्ततपासणी रुळली. खेळाडू २०० मीटरच्या फेऱ्या चढत्या वेगाने मारतो आणि प्रत्येक फेरीनंतर त्याच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतला जातो. आकडा कुठे झपाट्याने चढतो, ते पाहून सरावाचा वेग ठरतो. सर्वांसाठी एकच सीमा धरणे चुकीचे, हेही पुढे कळले.

पृष्ठभागावर लाटांचा अवरोध जाणवतो, खोलवर तो कमी होतो. याचाच फायदा घेत जलतरणपटू डेव्हिड बर्कॉफने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोकचा बराच पल्ला पाण्याखालूनच डॉल्फिन किक मारत कापला. त्यानंतर यावर मर्यादा आली. आज बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइलमध्ये सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके वर यावे लागते. साहजिकच हे १५ मीटर आता सरावाचा स्वतंत्र भाग झाले आहेत.

किती पोहावे, हा वाद सर्वांत जुना. संशोधक डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये महाविद्यालयीन जलतरणपटूंच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. सहा आठवडे दिवसातून दोनदा सराव करणारा गट, एकदाच सराव करणाऱ्यांपेक्षा सरस ठरला नाही. तरीही सरावाची थोरवी किलोमीटरमध्ये मोजणारे प्रशिक्षक आजही आहेत. शंभर मीटरची शर्यत मिनिटभरात संपते. तिच्यासाठी रोज मैलोन्‌मैल पोहायला लावणे शास्त्राला धरून नाही.