विकारी आणि अविकारी

मराठी व्याकरणात शब्दांची पहिली मोठी वाटणी होते ती विकारी आणि अविकारी अशी. लिंग, वचन, विभक्ती यांनुसार ज्यांचे रूप पालटते ते विकारी. ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखी अव्यये कोठेही भेटली तरी तशीच राहतात. संगणकाच्या भाषांच्या इतिहासातही अशी एक वाटणी आहे. तेथे मात्र प्रश्न रूपाचा नसून अर्थाचा आहे. एकदा दिलेले नाव शेवटपर्यंत त्याच मूल्याचे राहील, की मध्येच कुणी ते मूल्य पालटील? हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, वाचनाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

१९५७ साली आयबीएमने फोर्ट्रान ही भाषा उपलब्ध केली. तीत ‘क्ष = क्ष + १’ या धर्तीचे वाक्य शुद्ध होते. गणिताच्या वहीत हे विधान असत्य ठरते. फोर्ट्रानमध्ये ती आज्ञा आहे : क्ष नावाच्या कप्प्यात जे आहे त्यात एक मिळवा आणि ते पुन्हा त्याच कप्प्यात ठेवा. चिन्ह बरोबरीचे, काम बदलाचे. पुढे अल्गोल ६० ने बरोबरीच्या चिन्हाआधी अपूर्णविराम देऊन या आज्ञेची खूण वेगळी केली. चिन्हाचा घोटाळा मिटला, अर्थाचा उरला.

त्यावर नेमके बोट ठेवले ते ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी. साहित्याच्या अभ्यासकांना हे आडनाव परके नाही. ‘एमिनंट व्हिक्टोरियन्स’चे लेखक लिटन स्ट्रेची हे त्यांचे काका. १९६७ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगन येथील उन्हाळी वर्गातल्या व्याख्यानांत ख्रिस्तोफर यांनी तत्त्वज्ञ क्वाइन यांच्याकडून एक संज्ञा घेतली. तिला मराठीत ‘निर्देश-पारदर्शकता’ म्हणता येईल. ‘कुसुमाग्रजांना १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला’ या वाक्यात ‘कुसुमाग्रज’च्या जागी ‘शिरवाडकर’ घातले तरी वाक्य खरेच राहते. परंतु ‘कुसुमाग्रजांनी हे नाव बहिणीवरून घेतले’ या वाक्यात तीच अदलाबदल केली की ते खोटे ठरते. पहिले वाक्य पारदर्शक, दुसरे अपारदर्शक.

ज्या कार्यक्रमात कप्प्यांतील मूल्ये बदलत असतात, तेथे ही पारदर्शकता हरवते. आज्ञेच्या उजवीकडचा ‘क्ष’ म्हणजे कप्प्यातील मूल्य, डावीकडचा ‘क्ष’ म्हणजे खुद्द कप्पा, असा भेद स्ट्रेची यांनी स्पष्ट केला. त्यातून अडचण कळते : ‘क्ष’चे मूल्य जाणण्यासाठी तोवर काय काय घडले ते सारे ठाऊक असावे लागते. शिवाय एखादे फल उत्तर देता देता दुसऱ्याच कप्प्यात फेरफार करू शकते. यालाच आनुषंगिक परिणाम म्हणतात. कोशात एका शब्दाचा अर्थ पाहावा आणि तेवढ्यात दुसऱ्याच शब्दाचा अर्थ बदलून जावा, तसे हे आहे. अशा कोशाचे एक पानही विश्वासाने वाचता येणार नाही.

फोर्ट्रान घडवणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या कप्पेबदलावर आधारलेल्या पद्धतीवर कठोर टीका केली, हे लक्षणीय आहे. मात्र बदलाला सर्वस्वी बंदी घालून भागत नाही. अक्षर पडद्यावर उमटवणे हाही बदलच. म्हणून इतिहासाने दुसरी वाट धरली : बदल करा, पण तो जाहीर करा. एडिंबरो येथे रॉबिन मिलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या एमएल भाषेच्या परंपरेत नावे स्थिर असतात आणि बदलता कप्पा हवा असल्यास तसे वेगळे सांगावे लागते. १९८८ साली लुकासन आणि गिफर्ड यांनी फलाच्या प्रकारातच त्याचे परिणाम नोंदवण्याची पद्धत मांडली. १९९० साली जाहीर झालेल्या हॅस्केलपुढे पेच अधिक बिकट होता. तेथे मूल्य गरज पडेल तेव्हाच काढले जाते; त्यामुळे कोणता परिणाम आधी घडेल याची शाश्वती नाही. युजेनिओ मॉग्गी यांनी गणितातून आणलेली ‘मोनाड’ ही कल्पना फिलिप वाडलर आदींनी येथे लावली आणि १९९६ च्या आवृत्तीत ती स्थिरावली. बाह्य जगाशी व्यवहार करणारे फल आता आपल्या प्रकारातच तसे सांगते.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टने निराळा तोडगा काढला. नाव मुळात स्थिर. बदल हवा तर तशी खूण करायची. आणि एकाच वेळी वाचणारे अनेक चालतील, किंवा लिहिणारा एकच. दोन्ही एकत्र नाही. तरीही पडद्यावर लिहिणारे फल रस्टमध्ये प्रकारावरून ओळखता येत नाही. हॅस्केललाही चोरदरवाजा आहे. मात्र त्याच्या नावातच ‘असुरक्षित’ हा शब्द घातलेला आहे.

कवितेत संदर्भाने पालटणारा शब्द आपण संपत्ती मानतो, कारण तो पालट वाचकाच्या देखत घडतो. संगणकाच्या भाषांनी गेल्या अर्धशतकात धडपड केली ती एवढ्याचसाठी : बदल वाचकाच्या पाठीमागे होऊ नये.