नियमात नसलेला प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात एक जण गेम मास्टर असतो. तो जग उभं करतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वागतात. ‘मी असं केलं तर काय होईल?’ याचं उत्तर त्यानं द्यायचं. हा अधिकार त्याला कुठून मिळाला?

लष्करी युद्धखेळातून. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झनं असा खेळ सैन्यापुढे मांडला. त्यात पंच होता, पण नियम आणि तक्ते किचकट होते. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं सुचवलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचालाच ठरवू द्या. १८८० च्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या अमेरिकी पुस्तकातही पंचाला मोठा अधिकार होता.

तेच पुस्तक पुढे मिनेसोटात डेव्हिड वेस्लीच्या हाती पडलं. १९६९ मध्ये त्यानं ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावावर खेळ रचला आणि सेनापतींबरोबर गावकऱ्यांच्या भूमिकाही वाटल्या. झालं काय, तर लढाईआधीच खेळाडूंचे कट सुरू झाले. दोघांनी चक्क द्वंद्व मागितलं! नियम नव्हताच, वेस्लीनं जागच्या जागी निकाल दिला. त्याला वाटलं, खेळ फसला. खेळाडूंना मात्र पुन्हा खेळायचं होतं. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसननं नंतर ‘ब्लॅकमूर’ चालवला आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणला.

तुम्ही गेम मास्टर होणार असाल तर कथानकापेक्षा गावाची तयारी करा: कोण राहतं, कुणाला काय हवंय. दिलेला निकाल प्रयोगवहीत लिहितो तसा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तो बदलणार नाही. आणि आखणीबाहेर काही घडलं, तर ‘फसलं’ म्हणण्याआधी तेही नोंदवा.